वाचकांचे प्रश्न : २८ तास आणि सकाळचा वर्ग

प्रश्न : ताई, मी पुण्याची, सध्या तोक्योत एका जपानी भाषा शाळेत शिकते आणि संध्याकाळी कोम्बिनीत (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात) बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम करते. आमच्याकडचा एक मुलगा काम सोडून गेला, तर तेन्चो (दुकानाचे मॅनेजर) म्हणतात दोन शिफ्ट जास्त कर, वरच्या तासांचे पैसे कॅश देतो. ते माझ्याशी इतके चांगले वागतात की नाही म्हणायला जीभच रेटत नाही. शिवाय रात्रीच्या शिफ्टमुळे दोनदा वर्गात उशीर झाला, सेन्सेई (बाई) काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे चालतं ना? – एक वाचक, निशी-कासाई

उत्तर : अगं नाही, दोन्ही चालत नाही. कॅशचं आधी बोलू, कारण त्यात तुझा व्हिसा अडकलाय. तुझ्या झाइर्यू कार्डच्या (परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्राच्या) मागे कामाच्या परवानगीचा शिक्का आहे ना, तो आठवड्याला २८ तासांचाच आहे, आणि दोन ठिकाणी काम करत असलीस तरी सगळं मिळून २८. बरं, आठवडा सोमवार ते रविवार असाच धरायचा असंही नाही, कुठल्याही दिवसापासून सलग सात दिवस मोजले तरी २८ च्या आत बसायला हवं. समज या शुक्र-शनि-रवि तू ८-८ तास केलेस, झाले २४, पुढच्या सोम-मंगळला ४-४ केलेस की शुक्रवारपासून मोजल्यावर ३२ होतात, कॅलेंडरवर दोन्ही आठवडे छान दिसत असले तरी. इथेच भले भले फसतात. फक्त शाळेच्या ठरलेल्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत करता येतं.

कॅश घेतली तर कळणार कोणाला, असं मनात येत असेल तर तो विचार सोड. व्हिसा वाढवताना उत्पन्नाचे कागद मागू शकतात, परदेशी माणूस कामावर ठेवला की दुकानाला हॅलो वर्कला (सरकारी रोजगार कार्यालयाला) कळवावं लागतं, आणि प्रकरण उघडकीला आलं तर तुझ्याबरोबर तेन्चोही गोत्यात येतात. म्हणजे नाही म्हणण्यात त्यांचंही भलं आहे. असं म्हण, "सुमिमासेन, बिझा नो कान्केइ दे, शू निजूहाचि जिकान मादे नानोदे..." (माफ करा, व्हिसामुळे आठवड्याला २८ तासांपर्यंतच, म्हणून...) आणि वाक्य तिथंच अर्धं सोड. जपानीत नकार असाच देतात, पुढचं समोरचा समजून घेतो.

आता वर्गाचं. सेन्सेई गप्प राहिल्या म्हणून त्यांना चाललं असं समजू नकोस, तिथे चारचौघांत बोलून दाखवत नाहीत पण हजेरीच्या वहीत नोंद होते, बऱ्याच शाळांत ठरावीक वेळा उशीर झाला की एक गैरहजेरी धरतात, आणि भाषा शाळेची हजेरी व्हिसा वाढवताना बघतात. उशीर झालाच तर आपल्यासारखं दारातून "सॉरी मॅडम, ट्रेन..." सुरू करायचं नाही, गुपचूप मान झुकवून बसायचं आणि तास संपल्यावर जाऊन सांगायचं. ट्रेन खरंच लेट असेल तर स्टेशनवर चिएन शोमेइशो (ट्रेन लेट असल्याचा दाखला) मिळतं, ते घेऊन दे. येणारच नसशील तर तास सुरू व्हायच्या आधी शाळेला कळव. आणि एक छोटीशी गोष्ट, सेन्सेई समजावत असताना आपण मान डावी-उजवीकडे डोलावतो ना, तिथे ते "नाही कळलं" असं वाटतं, सरळ वर-खाली हलव.

रात्री १० ते पहाटे ५ ला २५ टक्के जास्त मिळतात, मोह होणारच, पण सकाळच्या वर्गात डोळे मिटत असतील तर त्या शिफ्ट सोड गं. तू तिथे शिकायला गेलीयस.

प्रश्न : मित्राला पाचिंकोच्या (जुगाराच्या यंत्रांच्या) दुकानात फक्त साफसफाईचं काम मिळतंय. घेऊ दे का?

उत्तर : अजिबात नको. पाचिंको, माजोंग खेळायचे अड्डे, होस्टेस बार, असल्या जागी विद्यार्थ्यांना झाडू मारायचं किंवा भांडी घासायचं कामसुद्धा बंद आहे, तास कितीही कमी असू देत. पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आत त्याला फोन कर.