‘यूट्यूबवर होतं ना!’ : पालकांचे प्रश्न

मुलगी सहा वर्षांची आहे. टॅबवर फक्त लहान मुलांची ॲप ठेवली आहेत. खोट्यानाट्या माहितीची काळजी मिटली ना?

घाणेरड्या, भीतीदायक व्हिडिओंची बऱ्यापैकी मिटली. खोटं ओळखायची सवय मात्र अशाने लागत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आधी प्राण्यांबद्दलची विधानं दाखवली. काहींना सगळी खरी, काहींना मधूनमधून धडधडीत खोटी. मग पडद्यावर आला ‘झॉर्पी’ नावाच्या परग्रहवासीयांचा घोळका, सगळे काळा चष्मा घातलेले. ‘सगळ्या झॉर्पींना तीन डोळे असतात’, हे खरं की खोटं? बोट लावलं की एकेकाचा चष्मा उतरायचा. आधी खोटं चाखलेल्या मुलांनी जास्त चष्मे उतरवून पाहिले. फक्त खरी विधानं पाहिलेल्यांनी त्यामानाने कमी तपासून हो म्हणून टाकलं.

तेव्हा गोष्ट सांगताना अधूनमधून बिनधास्त थाप मारा. ‘झेब्र्याला हिरवे पट्टे असतात हं!’ तिने पकडलं की ‘तुला कसं गं कळलं?’ एवढंच विचारा. ‘मी चित्रात पाहिलंय’ आणि ‘बाबा म्हणाले’ ही दोन उत्तरं सारखी नाहीत, हे तिला हळूहळू उमगेल. (बाबांना थोडं झोंबेल, पण चालायचंच.)

मुलगा आठवीत आहे. कुठल्याही साइटवरचं खरं मानतो. वर म्हणतो, ‘बघ ना, किती प्रोफेशनल आहे!’

याला मोठमोठे फसलेत. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी इतिहासात पीएचडी केलेले संशोधक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस या तिघांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. संशोधक आणि विद्यार्थी बरेचसे त्याच पानावर रेंगाळले आणि लोगो, भारदस्त नाव बघून भुलले. तपासनीस मात्र लगेच पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि ‘ही संस्था कोणाची? इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात?’ हे शोधू लागले. मुलाला तेवढंच शिकवा. तो बोलतोय ते चूक आहे हे सिद्ध करत बसलात, तर तो फक्त वाद घालायला शिकेल.

आजोबांनी फॅमिली ग्रुपवर ‘नासाने टिपलेला दिवाळीचा भारत’ पाठवला. नातीने तिथेच ‘फेक आहे’ लिहिलं. आजोबा रुसलेत. तिला आवरू का?

नात बरोबर आहे. हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते चित्र २००३ मध्ये बनवलं. कुठले दिवे कोणत्या काळात वाढले, ते त्यातल्या रंगांवरून कळतं. दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून वेगळा कळण्याइतका नसतो, असं नासानेच २०१२ मध्ये सांगून टाकलं आहे.

चुकली ती जागा. मामा-मावश्यांसमोर नको होतं. आजोबांच्या शेजारी बसून ‘चला, हा फोटो कुठून आला ते शोधू’ म्हटलं असतं, तर त्यांनाही मजा आली असती. पण तिला आवरू नका. बिहारमधल्या खेड्यांत आठवी ते बारावीच्या १३ हजारांवर मुलांना घेऊन असाच अभ्यास झाला. खोटी माहिती ओळखायचे वर्ग मुलांचे होते, सुधारणा त्यांच्या आईवडिलांमध्येही दिसली.

एका फोटोने काय बिघडतं, असंही कुणी म्हणेल. पण न बघता पुढे ढकलायची सवय एकच असते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच माणसं ठेचून मारली. भिक्षा मागून पोट भरणारी, भटक्या समाजातली माणसं होती ती.

एआयचे व्हिडिओ ओळखायला मुलांना बोटं मोजायला शिकवू का?

नको. एआयच्या चित्रांत पूर्वी बोटं कमी-जास्त यायची, आता नीट येऊ लागली आहेत. व्हिडिओ पहिल्यांदा कोणी टाकला आणि इतर कुठे ती बातमी आहे का, ते शोधायला लावा.