कर्नाटक पासिंगची जुनी गाडी घेतोय, अ‍ॅपवर 'एलटीटी' दिसतंय. म्हणजे रोड टॅक्सचा प्रश्न मिटला का?

तुम्ही वाकडला राहता, २०१९ ची कर्नाटक पासिंगची पेट्रोल गाडी बघून आलात, विकणारा म्हणतो 'लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे', आणि अ‍ॅपवर टॅक्सच्या ओळीत एलटीटी (म्हणजे लाइफटाइम टॅक्स) दिसतंय. आता विसार द्यायला हरकत नाही ना, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: आज देऊ नका. विकणारा खोटं बोलतोय असं अजिबात नाही. त्याने टॅक्स खरंच भरला असेल. पण तो कर्नाटकाला भरलाय, आणि गाडी फिरणार आहे महाराष्ट्रात.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण मी यात पोळलोय. बदली होऊन हुबळीहून कोल्हापूरला आलो तेव्हा गाडी सोबत आणली. आरसीवर एलटीटी छापलेलं होतं, त्यामुळे टॅक्सचा विचारच डोक्यात आला नाही. लाइफटाइम म्हणजे गाडीच्या आयुष्यभराचा, एवढं साधं गणित. पुढे दीड-पावणेदोन वर्षांनी रस्त्यावरच्या तपासणीत गाडी थांबवली आणि पहिला प्रश्न आला, 'महाराष्ट्राचा टॅक्स कुठे आहे?' टॅक्स भरावा लागलाच, शिवाय गाडी राज्यात आल्यापासूनचं व्याज वेगळं. गाडी नेमकी कधी आली याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, तो जमवण्यात दोन महिने गेले.

मुळात हे असं का आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. वाहनांवर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीमध्ये आहे, नोंद ५७. म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, दर वेगळे. आपल्याकडचा कायदा १९५८ चा आहे. गाडीची नोंदणी मात्र केंद्राच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने होते. हे दोन कायदे लोकांच्या डोक्यात एक होतात आणि तिथेच घोळ होतो. 'बाहेरची गाडी बारा महिने चालते' हे तुम्हीही ऐकलं असेल. तो नियम केंद्राच्या कायद्यातल्या कलम ४७ चा, आणि तो नंबर बदलण्याबद्दल आहे. टॅक्सला बारा महिने माफी मिळते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय तुमच्या बाबतीत तो उपयोगाचाही नाही. तुम्ही गाडी विकत घेताय, म्हणजे मालक बदलतोय, आणि कलम ५० प्रमाणे नव्या मालकाने ३० दिवसांच्या आत आपल्या राहत्या भागातल्या आरटीओकडे कळवायचं असतं. कोणी 'वर्षभर तशीच चालवा, काही होत नाही' म्हणालं तर ऐकू नका.

आता तपासणीचं. एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा परिवहन सेवा संकेतस्थळावर मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि टॅक्स कुठपर्यंत भरलाय हे दिसतं. खासगी गाडीला बहुतेक वेळा एलटीटी, तर पिवळ्या पाटीच्या गाडीला तारीख, कारण तिथे कर ठरावीक मुदतीने भरायचा असतो. तुम्ही इथपर्यंत केलंत, चांगलं केलंत. पण टॅक्सच्या ओळीवर थांबू नका. त्याच पानावर फायनान्सरचं नाव आहे का बघा. असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ब्लॅकलिस्टची नोंद बघा. ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेले दंड वेगळे बघा. आणि मालकाच्या नावाची जी अक्षरं उघडी दिसतात ती तुमच्यासमोर बसलेल्या माणसाशी जुळतात का, हे जरूर ताडून पाहा. माझ्या ओळखीत एकाने गाडी ज्याच्याकडून घेतली तो तिचा मालकच नव्हता. दोन हात बदलले होते, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर होती.

अ‍ॅपवर दिसतं ते आरटीओच्या नोंदीत जेवढं चढलंय तेवढंच. जुन्या गाड्यांची हाताने फाडलेली पावती कधी नोंदीत चढलेलीच नसते, मग भरलेला टॅक्सही दिसत नाही. म्हणून मूळ पावती मागा, आणि कर्नाटकाच्या गाडीचा 'बी एक्स्ट्रॅक्ट' विकणाऱ्याला काढायला सांगा. गाडीच्या नोंदीचा तो अधिकृत उतारा असतो. आपल्याकडे त्याला आरसी पर्टिक्युलर्स म्हणतात. विकणारा चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे द्यायला तयार असेल तर वाहन पोर्टलवर टॅक्सच्या सेवेत जाऊन बाकी आहे का तेही बघता येतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टॅक्स गाडीच्या मागे असतो, माणसाच्या मागे नाही. आधीच्या मालकाची थकबाकी गाडीबरोबर तुमच्या दारात येते.

खर्चाचा अंदाज तुम्ही विचारला नाहीत, पण भाव ठरवताना सगळ्यात जास्त तोच लागेल. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच १३, १४, १५. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. समजा तुमच्या गाडीची मूळ किंमत ९ लाख होती. नवीन असती तर ९९ हजार भरावे लागले असते. जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यात घट मिळते, त्यामुळे तुमचा आकडा याहून कमी येईल, पण तो विचारात न घेता सौदा केला तर 'स्वस्त' गाडी स्वस्त राहत नाही. हिशेब गाडी आज कितीला घेतली यावर होत नाही, मूळ किमतीवर होतो. म्हणून शोरूमचं मूळ इन्व्हॉइस विकणाऱ्याकडून मागून घ्या. ते नसेल तर आरटीओत किंमत कोणती धरायची यावरच खेटे सुरू होतात.

कागदांपैकी मुख्य म्हणजे एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८. ती विकणाऱ्याने कर्नाटकातल्या त्याच्या आरटीओकडून काढायची आणि तिच्यावर तुमच्या आरटीओचं नाव हवं. तुम्ही वाकडचे, म्हणजे पिंपरी-चिंचवड, एमएच-१४. 'पुणे' म्हणून एमएच-१२ च्या नावाने काढून आणली तर परत पाठवू शकतात, आणि तोवर विकणाऱ्याच्या हातात पैसे पडलेले असतील. सोबत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या लागतील. गाडी महाराष्ट्रात आणताना टोलच्या पावत्या किंवा फास्टॅगचा उतारा जपून ठेवा. मला जो पुरावा देता आला नाही तो हाच.

कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचं काय, ते पैसे बुडाले का? नाही. गाडी राज्याबाहेर कायमची गेली की उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के आहे, त्यामुळे रक्कम सोडून देण्यासारखी नसते. पण मागायचा तिकडच्याच आरटीओकडे, इकडचा नवा नंबर पडल्यावर, नव्या आरसीची प्रत आणि जुनी मूळ पावती जोडून. यात वेळ जातो. पावती हातात नसेल तर मग विचारूच नका. परतावा कोण मागणार आणि पैसे कोणाचे, हे विकणाऱ्याशी आधीच बोलून कागदावर घ्या. माझ्या मते अर्ज त्याने करावा आणि तेवढी रक्कम धरून भाव आताच खाली आणावा. दोघांचाही त्रास वाचतो.

बीएच, म्हणजे भारत मालिकेच्या नंबरची गाडी दाखवली तर तिचं गणित निराळं. ती मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली, तिचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा असतो, म्हणून अ‍ॅपवर एलटीटीऐवजी तारीख दिसेल. तारीख उलटून गेली असेल तर दर दिवसाचा दंड चढत असतो. आणि तुम्ही स्वतः बीएचला पात्र नसाल, म्हणजे सरकारी नोकरी किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत नोकरी नसेल, तर ती गाडी आपल्या राज्याच्या नंबरवर आणून इथला टॅक्स भरावाच लागेल.

टॅक्स भरल्यावर टोल कशाला, असं घरचे विचारतील, मलाही विचारलं होतं. टॅक्स राज्याचा, टोल त्या-त्या रस्त्याचा. एकाने दुसरा सुटत नाही.

तेव्हा विकणाऱ्याला आजच फोन करून तीन गोष्टी विचारा: टॅक्सची मूळ पावती आहे का, शोरूमचं इन्व्हॉइस आहे का, आणि एमएच-१४ च्या नावाने एनओसी काढून द्यायला तो तयार आहे का. तिन्हीला हो म्हणाला तर विसार द्या, बाकीची रक्कम एनओसी हातात आल्यावर. एनओसी 'नंतर बघू' म्हणाला तर दुसरी गाडी बघा, २०१९ च्या पेट्रोल गाड्या एमएच-१२ आणि १४ मध्येही भरपूर आहेत.