गाण्याची पट्टी कोण लिहिणार?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभर माळ्यावर लॅपटॉप मांडून रात्री आठ ते बारा इंटरनेट रेडिओ चालवायचा : जुनी मराठी गाणी, मध्ये गावाकडच्या बातम्या. ऐकणारे साठेक, बहुतेक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली आपलीच माणसं. गेल्या महिन्यात गाण्यांच्या हक्कांवरून नोटीस आली आणि रेडिओ बंद पडला. आता तो म्हणतो, लायसन काढू, दोन लाख द्या. वडील विचारतात, 'पैसे द्यावेत, की कान धरून सी.ए.ला बसवावं?'

स. न. वि. वि.

दोन लाख देऊ नका. कानही धरू नका.

तुम्ही लिहिलंय, 'एफएमवाले दिवसभर तीच गाणी लावतात, त्यांना कोण विचारतं?' विचारतात हो. पण त्यांना कायद्याने वाट करून दिलीय. 2010 साली कॉपीराइट बोर्डाने एफएमसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के असा दर ठरवला होता. मग कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीत कलम 31डी आलं : रेडिओ-टीव्हीवाल्याने आगाऊ कळवायचं, ठरलेला दर भरायचा, गाण्यांच्या कंपनीला नाही म्हणता येत नाही. ही सवलत इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये सांगितलं आणि 2022 मध्ये खंडपीठाने तेच कायम केलं. म्हणजे तुमच्या मुलाने प्रत्येक कंपनीच्या दारात जायचं आणि ती मागेल तो भाव द्यायचा. शिवाय कंपनीकडे हक्क असतो तो रेकॉर्डिंगचा. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो बहुधा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे.

अमेरिकेत नेट रेडिओला सरकारी दर आहे, पण तो मीटरसारखा पळतो. 2021 साली विनावर्गणी रेडिओसाठी एका गाण्याला, एका श्रोत्यामागे 0.0021 डॉलर ठरला. तासाला पंधरा गाणी, चार तास, साठ श्रोते धरा : रात्रीचे साडेसात डॉलर. श्रोते सहाशे झाले की पंचाहत्तर. गंमत अशी की तिथला हवेतून ऐकू येणारा साधा रेडिओ रेकॉर्डिंगसाठी एक पैसाही देत नाही. नेटवर मात्र नाव झालं की खर्च वाढतो आणि जाहिरात तेवढ्या वेगाने येत नाही. 2007 साली दर चढले तेव्हा तिथल्या नेट रेडिओवाल्यांनी 26 जूनला दिवसभर शांतता पाळली होती. पुढे छोट्यांसाठीची सवलत 2015 अखेर संपली आणि लाइव्ह365 हे हजारो छोट्या स्टेशनांचं घर महिन्याभरात बंद पडलं. नंतर ते पुन्हा उभं राहिलं, पण मधल्या काळात किती हौशी लोक गळाले असतील! त्या वाटेवर दोन लाख म्हणजे उसात सोडलेलं पाणी, कुठे मुरलं कळायचंही नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. 'अभ्यासाच्या वहीत लावलेल्या प्रत्येक गाण्याची वेळ, गायक, गीतकार, संगीतकार लिहीत बसतो, खाडाखोड करून करून.' मी ते दोनदा वाचलं. अहो, बेदाण्याच्या सौद्यात उधळण झाली की तुमच्या पोटात कसं कालवतं? माल आपला, उधळला जातो आणि अडत्याच्या हिशेबाच्या पट्टीवर त्याची नोंद नाही. गीतकाराचं तेच होतं. लावलेल्या गाण्यांच्या यादीत नाव चुकलं किंवा गाळलं, की त्याचे पैसे वाटेतच राहतात. 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा वारस किंवा हक्कसंस्था सोडून कुणाला लिहून देताच येत नाही. म्हणजे कुणीतरी ही पट्टी नीट लिहायला हवी. तुमचा मुलगा कुणी न सांगता तीच लिहितोय.

या कामाला रॉयल्टी अकाउंट्स म्हणा, मेटाडेटा म्हणजे गाण्याची नोंदमाहिती म्हणा. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो, तो जुळवायचा, मालिकांच्या क्यू शीट, म्हणजे कुठे कोणतं संगीत वाजलं त्याच्या याद्या, तपासायच्या, कुणाचा हक्क कधी संपतो ते पाहायचं. उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं घ्या. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव 1945 साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून त्यांचे शब्द 2006 पासून मोकळे. शेटफळेचे गदिमा 1977 साली गेले, त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत बांधलेले. आणि रेकॉर्डिंगचं घड्याळ तिसरंच, प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचं. बापूरावांची लावणी मोकळी, पण परवाची कॅसेट मोकळी नाही. हे ज्याला तोंडपाठ आहे त्याला काम मिळतं. ते मुंबईत, अंधेरीकडे असतं आणि सुरुवातीचा पगार बेताचाच, हेही आत्ताच ऐकून ठेवा.

बी.कॉम. पूर्ण करू दे. मग राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी, ते सांगलीत घरून जाऊन-येऊनही होतं. सी.ए. वाईट नाही, पण वहीत खाडाखोड करणारा मुलगा दुसऱ्याच्या आवडीचं ओझं पाच-सहा वर्षं उचलेल असं मला वाटत नाही.

रेडिओचं वेड मारू नका. उन्हाळ्यात त्याला म्हसवडच्या माणदेशी तरंगला किंवा जतमधल्या जालिहाळच्या येरळावाणीला, म्हणजे गावाकडच्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना, जाऊन विचारू दे, चहा आणण्यापासून सुरुवात झाली तरी चालेल. आणि माळ्यावरचा रेडिओ पुन्हा सुरू करायचा तर बाजारातली गाणी नकोत. तुमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचे अभंग पारंपरिक चालीत, बापूरावांची लावणी कुणाकडून तरी नव्याने गाऊन घेतलेली. गाणाऱ्याची सही कागदावर घ्यायची, मग रेकॉर्डिंग तुमच्या मुलाचं. त्याला दोन लाख लागत नाहीत, एक बरा माईक आणि खोलीत लावायला जुन्या गोधड्या पुरतात. गलाईवाले ऐकतील की नाही? कोइमतूरला बसलेल्या माणसाला जात्याचा आवाज कुठे ऐकायला मिळतो?

ता. क. : मुलीच्या लग्नात कुणी गाण्यांच्या लायसनचे पैसे मागतंय म्हणून तुम्ही काळजीत आहात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे लग्नाची वरात आणि लग्नातले इतर सोहळे यातून वगळलेले आहेत, केंद्राने जुलै 2023 मध्ये तशी सूचनाही काढली होती. तिची छापील प्रत बँडवाल्याच्या हातात ठेवा.