पावत्या आणि पासबुक जुळत नाही, काय करू?

प्रश्न : लालबागमधल्या आमच्या कबड्डी संघाचा मी यंदापासून खजिनदार आहे. ४५ खेळाडू, महिना १५० रुपये वर्गणी, शिवाय डिसेंबरात स्पर्धा. गेल्या वर्षीच्या पावत्या आणि पासबुकात १८,४०० रुपयांचा फरक येतोय. पैसे कुणी खाल्लेले नाहीत. मग गेले कुठे?

उत्तर : बहुधा जमेतून परस्पर खर्च झालाय. समजा, रविवारी सरावाला ५१ ते ७४ क्रमांकाच्या पावत्या फाडल्या, ३,६०० रुपये जमले. मॅट आणणाऱ्या टेम्पोला त्यातलेच ७०० दिले आणि उरलेले २,९०० बँकेत भरले. टेम्पोचं व्हाउचर, म्हणजे खर्चाची सहीची चिठ्ठी, कुणी केलंच नाही, की झाला ७०० चा फरक.

म्हणून जमा झालेली रक्कम पूर्णच्या पूर्ण बँकेत भरा आणि भरणा स्लिपमागे पावत्यांचे क्रमांक लिहा. किरकोळ खर्चासाठी ३,००० रुपये चेकने काढून वेगळ्या डब्यात ठेवा. व्हाउचर आणि रोख यांची बेरीज कधीही ३,०००च यायला हवी. व्हाउचर १,८५० ची, तर डब्यात १,१५०. मग पुढचा चेक नेमका १,८५० चा. क्यूआर कोड संघाच्याच खात्याचा लावा, खजिनदाराच्या मोबाइलचा मुळीच नको.

फरकाचं दुसरं कारण स्पर्धेत सापडेल. देणगीदाराने ‘पाच हजार देतो’ म्हटलं की त्याला खूश करायला तिथल्या तिथे पावती फाडली जाते आणि पैसे येतच नाहीत. स्पर्धेच्या पानावर ‘कबूल’ आणि ‘आले’ असे दोन रकाने करा. पावती ‘आले’वरच द्यायची, मंडप आणि चषकांची ऑर्डरही त्याच आकड्यावर.

आता जुने १८,४००. पावतीपुस्तकात राहिलेल्या प्रती, म्हणजे स्थळप्रती, क्रमाने लावा. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकात आहेत ना, पाहा. ज्यांनी खर्च केला, त्यांच्याकडून आजच्या तारखेचं, कारण लिहिलेलं व्हाउचर सहीसह घ्या. मागची तारीख टाकू नका. तरीही उरेल ती रक्कम उचंत खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या खात्यात, दाखवून कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवा. आकडा जुळवायला खोटं चहा-नाश्त्याचं बिल जोडणं ही सगळ्यात घातक चूक, कारण मग खरी बिलंही संशयात सापडतात.

संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर ३१ मार्चला बंद केलेल्या हिशेबाचं लेखापरीक्षण करून अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तुमच्या नेमणुकीचा बदल अहवालही, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहितीही, तिथेच ९० दिवसांत दाखल करायची असते. तो राहिला असेल तर आधी तो करा.