एक किडनी दिल्यावर पुढे काय?

प्रश्न : माझं वय 29. भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, डायलिसिस चालू आहे. माझी किडनी जुळते. एक मुलगी आहे, दुसरं मूल हवंय. घरचे म्हणतात, दिल्यावर काही होत नाही. खरं आहे का?
– एक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, बहुतेक दात्यांची तब्येत पुढे चांगली राहते, पण धोका शून्य नसतो. अमेरिकेतल्या 2014 सालच्या मोठ्या अभ्यासात आयुष्यभराचा अंदाज असा निघाला : दर 10,000 दात्यांमागे 90 जणांची उरलेली किडनी निकामी होऊ शकते; तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्यांत 14 जणांची. तुमचं वय कमी, म्हणजे मधुमेह-रक्तदाब मागे लागायला पुढे वर्षंही जास्त.

म्हणून आधी भावाची किडनी कशाने गेली ते विचारा. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर तुमच्या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तरी भागत नाही. एमआरआय किंवा जनुकीय तपासणी लागते. मधुमेह असेल, तर 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तुमची साखर बघायलाच हवी.

कॅनडातल्या अभ्यासात किडनी दिलेल्या बायकांच्या 11 टक्के गरोदरपणांत रक्तदाबाचा त्रास झाला, न दिलेल्यांच्या 5 टक्के. बहुतेकींची बाळंतपणं नीट पार पडली. तरी ऑपरेशनआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला आणि नंतर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नका.

ऑपरेशननंतर क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढतंच. 0.7 असलेलं 1.1 झालं आणि लॅबने त्यापुढे खूण केली, तर घाबरू नका. सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशीच. दरवर्षी क्रिएटिनिन, रक्तदाब, साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासा. अल्ब्युमिन जायला लागलं तरी काहीच दुखत नाही, म्हणून नेमकी हीच तपासणी राहून जाते.

अंग दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून घेणं कायमचं बंद. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर मुळीच नको. त्यावेळी या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. तापाला पॅरासिटामॉल चालते.

आणि मन तयार नसेल, तर ऑपरेशनच्या दिवसापर्यंत 'नाही' म्हणायचा हक्क तुमचा आहे. हॉस्पिटलमधल्या प्रत्यारोपण समन्वयकांना घरच्यांशिवाय, एकटीने भेटा.