कार्टमध्ये राहू दे गं

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला, रात्री-बेरात्री ऑनलाइन काहीबाही मागवतेस आणि मग पस्तावतेस तो. एवढा लांबलचक मेसेज तू मला पहिल्यांदाच केलास, आणि त्यात स्वतःला जे काय काय बोललीयस ना ते वाचून वाईट वाटलं. फोन केला असता तर तू नुसतं "हो ताई, हो ताई" केलं असतंस, म्हणून लिहितेय. सावकाश वाच, कोपरखैरणे ते ठाणे गाडीत उभ्याने नको.

आधी तारखा बघ, बाकी सगळं नंतर. हेडफोन, कुर्ता सेट आणि रिंग लाइट तिन्हीची रिटर्न विंडो, म्हणजे परत करायची मुदत, वेगळी असणार. कपड्यांना बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे मिळतात, इलेक्ट्रॉनिक्सला मात्र पुष्कळ वेळा नुसतं रिप्लेसमेंट असतं, पैसे परत नाहीतच, आणि ते प्रॉडक्टच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं जे रात्री साडेबाराला कोणी वाचत नाही. कुर्त्याचा टॅग तोडू नकोस, घालून बघितलास तरी टॅग तसाच राहू दे. पिकअपवाला दारात टॅग आणि बारकोड बघतो, टॅग नसेल तर तिथल्या तिथे पिकअप कॅन्सल, आणि त्याच्याशी भांडून काही होत नाही कारण त्याच्या मोबाइलवर तसा ऑप्शनच नसतो. हेडफोनचा खोका, आतला तो पुठ्ठ्याचा ट्रे, वायर, सगळं होतं तसं भर आणि भरताना व्हिडिओ काढून ठेव.

आणि रिफंड कुठे हवा असं अ‍ॅप विचारेल तेव्हा वॉलेटमध्ये घेऊ नकोस. "लगेच हवेत का?" असं गोड विचारून ते पैसे त्यांच्याच वॉलेटमध्ये टाकतात, मग ते तिथेच खर्च होतात. चार-पाच दिवस लागू देत, ज्या खात्यातून गेले तिथेच येऊ देत. त्या मधल्या काळात कोणी फोन करून रिफंडसाठी लिंक पाठवली किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितला तर सरळ फोन ठेव, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

तू विचारलंयस की मला आवडलं नाही म्हणून परत करायचा हक्क आहे का. तसा सरसकट नाही. युरोपात ऑनलाइन खरेदीला १४ दिवस मिळतात मन बदलायला, आपल्याकडे चांगली वस्तू नुसती नको झाली म्हणून परत घ्यायची की नाही हे त्या त्या अ‍ॅपच्या पॉलिसीवर आहे. पण वस्तू खराब निघाली, किंवा फोटोत एक आणि हातात भलतंच आलं, तर गोष्ट वेगळी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तेव्हा विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तुझ्या रिंग लाइटचा स्टँड फोटोत मेटलचा आणि आला प्लॅस्टिकचा असं तू लिहिलंयस, मग कारणात "आवडलं नाही" कशाला टाकतेस, "वर्णनाप्रमाणे नाही" टाक आणि दोन्ही फोटो जोड. अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. नाहीच दाद दिली तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं.

हे झालं आत्ताचं.

आता ते "मला कंट्रोलच नाहीये ताई" हे वाक्य. ते मला पटत नाही. जी मुलगी पगार झाला की आधी घरी पैसे पाठवते, भाडं कधी चुकवत नाही, तिला कंट्रोल नाही असं कसं म्हणू? तू कमजोर नाहीयेस, तू ज्या स्क्रीनसमोर बसलीयस ती स्क्रीन तुझा थकवा ओळखून बनवलीये. "फक्त २ शिल्लक", खाली पळणारं लाल घड्याळ, "इतके जण आत्ता हेच बघतायत", यातलं पुष्कळसं खोटं असतं, आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांविरुद्ध, नियमावली काढली, त्यात अशा १३ युक्त्या नावानिशी दिल्यात. खोटी घाई त्यात आहे. न विचारता कार्टमध्ये इन्शुरन्स नाहीतर देणगी सरकवणं आहे. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं, सबस्क्रिप्शन घ्यायला एक क्लिक आणि बंद करायला सात पानं, हे सगळं आहे. या गोष्टी चुकून होत नाहीत, कोणीतरी बसून ठरवलेल्या असतात, म्हणून तर सरकारला त्यावर लिहावं लागलं. तुझ्या बिलात तो ४९ रुपयांचा प्रोटेक्शन प्लॅन आहे ना, तू टिक केला होतास का तो? आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे तुझी संमती नव्हे, हेही त्या २०२० च्या नियमांतच आहे. तेवढे ४९ पण मागून घे.

एक काम शनिवारी कर. गेल्या सहा महिन्यांची ऑर्डर हिस्टरी उघड आणि प्रत्येक ऑर्डरपुढे वेळ लिही. अ‍ॅपमध्ये नुसती तारीख दिसत असेल तर कन्फर्मेशनचा एसएमएस शोध, त्यात वेळ असते. किंमत लिहू नकोस, वेळ लिही, आणि त्या दिवशी ऑफिसात काय झालं होतं ते आठवत असेल तर तेही. मी तुझ्यासारख्या बऱ्याच मुलामुलींना हे करायला सांगितलंय आणि जवळजवळ सगळ्यांचं सारखंच निघतं, ऑर्डरी पगाराच्या आठवड्यात नाहीतर रात्री अकरानंतर. तुझ्या मेसेजवरूनच मला दिसतंय की रिंग लाइट आणि ते ऑनलाइन कोर्सचं पॅकेज दोन्ही त्या रिव्ह्यू मीटिंगच्या रात्रीचं आहे. त्या दिवशी वागळे इस्टेटहून निघायला साडेनऊ झाले होते तुला, रिक्षाच्या रांगेतून मला मेसेज केला होतास. त्या रात्री तुला लाइट नको होता गं, तुला कोणीतरी "चांगलं केलंस" म्हणायला हवं होतं. तो लाइट लावून व्हिडिओ करणारी, आत्मविश्वासाने बोलणारी जी मुलगी जाहिरातीत होती ती तुला व्हायचं होतं. हे व्हायची इच्छा खरी आहे, तिला हसू नकोस, पण ती लाइटने पुरी होत नाही आणि खोका आला की हे कळतं, म्हणून मग इतकं रिकामं वाटतं. अशा रात्री मला फोन कर. अकरा वाजले असले तरी कर, मी जागी असते.

पैशाचं जरा स्पष्ट बोलते. फोन तू नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलास, २४ हजार, सहा महिने चार-चार हजार. व्याज नाही असं तुला वाटतंय पण बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून बेरीज जुळते. १६ टक्के दर धरला तर ते व्याज हजार-अकराशेच्या घरात जातं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी तुझ्या खिशातून, म्हणजे दोनशेच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर परत जीएसटी. रोखीने घेतला असतास तर कदाचित वेगळी सूट मिळाली असती ती गेली ते वेगळंच. हे फार मोठं नुकसान नाहीये, फोन तुला हवाच होता, राहू दे. मला काळजी आहे ती क्रेडिट कार्डाच्या "मिनिमम ड्यू"ची, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची ती छोटी रक्कम. तू दोन महिने तेवढेच भरतेयस. बाकी राहिलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतात, दहा हजार राहिले तर साडेतीनशे आणि वर जीएसटी, वर्षाचं बघितलंस तर चाळीस टक्क्यांच्या पुढे. आणि बाकी असेपर्यंत नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणून रिफंड आला की तो कार्डात भर. आरडीत नको, एसआयपीत नको, आधी कार्ड. एवढं माझं ऐकच.

पुढच्या वेळचं म्हणशील तर "गरज आहे का" हा प्रश्न स्वतःला विचारूच नकोस. सगळे सांगतात तो विचारायला, पण रात्री बाराला त्याचं उत्तर कायम "हो" येतं, मन वकिली करायला बसलेलंच असतं. त्यापेक्षा विचार की ही वस्तू घरात कुठे ठेवणार आणि कुठल्या वारी वापरणार. तिघींत एक वन बीएचके, तुझ्या वाटणीला एक कपाट आणि पलंगाखालची जागा. एअर फ्रायरला जागा शोधायला गेलीस की ओटा डोळ्यासमोर येतो, त्यावर मिक्सर, आरओ, रूममेटचा टोस्टर, आणि मग उत्तर आपोआप मिळतं. आत्ता तो कपाटावर खोक्यातच आहे ना, ब्राउन टेपसकट? मग तो ओएलएक्सवर टाक नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर टाक, निम्मे आले तरी दे. डोळ्यासमोर राहिला की रोज टोचणार आणि टोचत राहिला की पैसे वसूल करायला म्हणून त्याचे सिलिकॉनचे साचे मागवशील. हे खूप होतं, एका चुकीच्या खरेदीला बरोबर ठरवायला दुसरी खरेदी. तिथे थांब.

आणखी एक, घ्यावंसं वाटलं की कार्टमध्ये टाक आणि तिथेच राहू दे. गोखले रोडवर आपण दुकानात शिरतो, चार ड्रेस काढायला लावतो आणि "बघून येते हं" म्हणून बाहेर पडतो, तलावपाळीला एक चक्कर मारेस्तोवर त्यातले तीन डोक्यातून गेलेले असतात आणि दुकानदारही काही मागे धावत नाही. अ‍ॅप मागे धावतं, "तुमच्या कार्टमध्ये काहीतरी राहिलंय" म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. म्हणून नोटिफिकेशन बंद कर, सगळ्या शॉपिंग अ‍ॅपची, आत्ताच. सेव्ह केलेलं कार्ड काढून टाक. ऑक्टोबर २०२२ पासून अ‍ॅपकडे तुझा कार्ड नंबर नसतो, टोकन असतं, म्हणजे नंबराच्या जागी एक सांकेतिक कोड, ते डिलीट करता येतं. मग दर वेळी उठून पर्समधून कार्ड काढून सोळा आकडे टाइप करायला लागतील, आणि तेवढ्या कष्टात रात्रीच्या निम्म्या ऑर्डरी गळतात. चुकून दिलीसच तर झोपायच्या आधी कॅन्सल कर, सकाळवर टाकू नकोस. आपण भिवंडीच्या गोदामांच्या इतके जवळ आहोत की रात्रीची ऑर्डर सकाळी उठेपर्यंत निघालेली असू शकते.

आमच्या नौपाड्यात अजूनही काही घरांत मुंबई ग्राहक पंचायतीचं सामान येतं. १९७५ साली सुरू झालेली ही संस्था, तुझ्या पिढीला नावही माहीत नसेल. महिन्याभराचं काय हवं ते आधी यादीत भरून द्यायचं, मग सगळ्यांचा माल एकत्र येतो, एका घरी उतरतो आणि बायका मिळून वाटून घेतात. मला त्यातली बचत तर आवडतेच, पण त्याहून आवडतं ते हे की काय हवं ते बाई आधी ठरवते, वस्तू तिच्या समोर नंतर येते. तुझ्या फोनमध्ये बरोबर उलटं आहे, आधी वस्तू दिसते आणि मग ती हवीशी होते. तू पण महिन्याच्या एक तारखेला एक यादी कर, नोट्समध्ये कर, वहीत कर, आणि महिन्याभरात जे त्या यादीत नाही ते पुढच्या महिन्याच्या यादीत जाईल, एवढंच. मौजेच्या गोष्टी पण लिही त्यात, मोकळेपणाने लिही. लिपस्टिक लिही. तू कमावतेयस, तुला हौस असायलाच पाहिजे, मी काही तुला संन्यास घे म्हणत नाहीये.

शेवटी तू विचारलंयस की आईसाठी मागवलेला मिक्सर पण कॅन्सल करू का, तोही असाच एका रात्रीत घेतला म्हणून. नको करूस. जुन्याचं भांडं गळतंय हे तू दिवाळीपासून सांगतेयस, तो ओट्यावर कुठे बसणार ते तुला माहितीये आणि रोज सकाळी चटणीला लागणार हेही. पत्ता फक्त गावचा टाकलायस ना बघ, नाहीतर कोपरखैरण्याला येईल. आणि वॉरंटीसाठी बिल आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेव.

तुझी,
ताई