पोलिसांसाठी बनवलेली बाईक पुढे टूरिंग बाईक म्हणून गाजली, असं कधी झालंय का?

झालंय की! माझ्या मते सगळ्यात भारी किस्सा मोटो गुझी कॅलिफोर्नियाचा. नाव अमेरिकन पण गाडी पक्की इटालियन, लेक कोमोच्या काठावरच्या मांडेल्लोची.

६०च्या दशकात इटलीच्या सरकारला पोलिसांसाठी नवी गाडी हवी होती आणि अट अशी की १ लाख किमीपर्यंत विकत घ्यायचा न् सांभाळायचा खर्च मिळून कमीत कमी आला पाहिजे. डिझायनर होता कार्कानो, ज्याने आधी ५०० सीसीत चक्क आठ सिलिंडरचं रेसिंग इंजिन बसवलं होतं! इथे मात्र साधं ७०३ सीसीचं व्ही-ट्विन (इंग्रजी V सारखे मांडलेले दोन सिलिंडर), दोन्ही सिलिंडर टाकीच्या दोन बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे हवाही लागते आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला टाकी काढावी लागत नाही. शाफ्ट ड्राईव्ह, म्हणजे मागचं चाक चेनऐवजी दांड्याने फिरतं, चेन ताणा, ऑइल घाला ही कटकटच नाही. (उभ्या गाडीला रेस दिली की गाडी उजवीकडे कलते, नवीन माणूस हमखास दचकतो.) १९६७ मध्ये ती व्ही७ नावाने बाजारात आली.

अमेरिकेत बर्लिनर बंधू तिचे आयातदार. त्यांचा डोळा पोलिसांच्या ऑर्डरवर, पण तिथे हार्ले ठाण मांडून बसलेली. त्यासाठी त्यांनी आधी डुकाटीकडून अपोलो नावाची १२५७ सीसीची गाडी बनवून घेतली होती, तर त्या ताकदीपुढे त्या काळचे टायरच टिकेनात, प्रोजेक्ट गुंडाळला. मग गुझी पुढे केली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी चालवून बघितली आणि काय काय पाहिजे ते सांगितलं. दिवसभर गाडीवर बसायचं म्हटल्यावर मोठी विंडशील्ड, पाय सपाट ठेवायला फूटबोर्ड, रुंद हँडल, जाड सीट, सामानाला बॉक्स. इंजिनही ७५७ आणि नंतर ८४४ सीसी झालं. ७०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच सगळा सरंजाम ८५० कॅलिफोर्निया म्हणून पब्लिकला विकायला काढला, आणि लांब पल्ल्यावाल्यांना दुसरं काय हवं असतं!

बाहेरदेशी राहत असाल आणि जुनी घ्यायचा विचार असेल तर सिलिंडर बदललेत का तेवढं आधी विचारा. सुरुवातीच्या गाड्यांत आतून क्रोमचा मुलामा होता, त्याचे पापुद्रे सुटून ऑइलमध्ये गेले की इंजिन खलास. निकासिलचे (क्रोमऐवजी निकेलचा टिकाऊ मुलामा असलेले) सिलिंडर टाकलेले असतील तर बिनधास्त घ्या.